दोन चुली

तळघराच्या जिन्यावर आयली कांगास म्हणाली,
"तिसरी पायरी खोटी आहे. तिच्यावर जाऊ नकोस."
मी थेट चौथीवर पाय दिला.
बाहेर डुलुथ, उणे बावीस. सरोवरावरचा वारा
खिडकीच्या फटीत तोंड घालून बसलेला.

कामाच्या कागदावर एवढंच होतं:
ग्राहकाला मोडेम दोन हवेत, फोनचा वेगळा, इंटरनेटचा वेगळा.
कारणाचा रकाना कोरा.

मी माझं पाठ झालेलं बोललो.
आजकाल एकाच डब्यात दोन्ही बसतं, बाई,
एक वायर, एक प्लग, एकच भाडं,
उगाच कशाला एका घरात दोन चुली...
तिनं हात वर केला,
शाळेसमोर गाड्या थांबवतात तसा.

कारण वर सोफ्यावर पसरलं होतं.
नातू ब्रॉडी, सतरा वर्षांचा, दोन पायांत दोन रंगांचे मोजे.
खेळ अडकला की तो खाली येतो,
मोडेमची वायर उपटतो, तीसपर्यंत मोजतो
(त्याचे तीस म्हणजे आपले बारा)
आणि परत खोचतो.
तेवढ्यात घरातला फोन मरतो, पुन्हा जन्मतो,
आणि एरवी कुणाला पत्ताही लागत नाही.

पण नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
आयली बोलत होती लेम्पीशी, हिबिंगच्या धाकट्या बहिणीशी.
विषय नेहमीचाच:
शेहेचाळीस सालच्या जानेवारीत
बापाच्या सॉनाचं दार रात्रभर उघडं कुणी टाकलं,
आणि पाण्याचा हंडा गोठून कुणामुळे तडकला.
बाप गेला, सॉना गेला, ती जमीनही कुणाची तरी झाली.
दोघी भांडतात अजून, दर मंगळवारी, भांडी घासून झाल्यावर.
त्या दिवशी मात्र लेम्पी जरा थांबली. म्हणाली,
"बरं, ऐक. ते दार मीच..."

ब्रॉडीनं वायर उपटली.

लेम्पीला वाटलं, हिनं फोन आपटला.
सत्तर वर्षांनी तोंडाशी आलेली गोष्ट, आणि हिनं फोन आपटला!
अकरा दिवस अबोला.
बाराव्या दिवशी फोन आला तो गुडघ्याबद्दल.
दाराचं काढल्यावर म्हणाली, "कसलं दार?"

मी काही न बोलता पक्कड काढली.
भिंतीतून आलेली केबल कापली, नवं टोक चढवलं,
पितळी दुभाजक बसवला. त्याचं असं आहे,
सिग्नलची वाटणी केली की दोघांच्या पदरात
निम्म्याहून जरा कमीच पडतं.
मधलं कुठं सांडतं, ते मला
प्रशिक्षणातही कुणी सांगितलं नव्हतं.
एका फांदीवर ब्रॉडीचा काळा मोडेम,
उताणा खेकडा, स्वतःच्या पैशांनी आणलेला.
दुसऱ्यावर आमचा जुना पांढरा, पोटात बॅटरी असलेला;
वीज गेली तरी आठ तास बोलता येतं.
त्याचा नंबर ऑफिसला वाचून दाखवला, बारा अक्षरं,
आठाचा बी झाला, पुन्हा वाचला.
एकेक करत दिवे हिरवे झाले.

"एक फोन लावून बघा," मी म्हणालो.
तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मंगळवार नव्हता.
तरी तिनं तिथलाच फोन उचलला आणि नंबर न बघता दाबला.

त्या दोघी फिनिशमध्ये बोलतात.
मला त्यातला एकच शब्द कळतो.
आधी बराच वेळ काहीबाही, मग तो शब्द: सॉना.
तेवढ्यात ब्रॉडी मोज्यांवर घसरत खाली आला,
आमच्याकडे न बघता काळ्याची वायर उपटून मोजू लागला.
काळा विझला.
पांढऱ्याचा दिवा पापणीही न हलवता तसाच.

आयलीनं नातवाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि काही बोलली नाही. पलीकडूनही कुणी बोलत नव्हतं.
भट्टी सुरू झाली, तिची घरघर.
मी पिशवी आवरली, गरजेपेक्षा सावकाश,
आणि निघताना विसरून
तिसऱ्या पायरीवर पाय दिला.